बदलून बघ

कळंब, जि. धाराशिव

चि. बाईस,


तुझी यादी मिळाली. कथानक, पात्र, स्थळकाळ, निवेदक, संघर्ष, उत्कंठा, उपरोध, प्रतिमा, प्रतीक, कलाटणी, संज्ञाप्रवाह. एकेका शब्दापुढं दोन-दोन ओळींची व्याख्या आणि खाली तुझा प्रश्न, ‘आजोबा, एवढं पाठ केलं तर चालेल ना?’ पेपरापुरतं चालेल. पण तू पेपरासाठीच वाचतेस असं मला वाटत नाही. गेल्या दिवाळीत वही झाकून काहीतरी लिहीत होतीस, ते मी पाहिलंय. म्हणून उत्तर जरा लांबणार आहे.

आपल्याकडं या संज्ञा शिकवतात त्या पंचनाम्यासारख्या. गोष्ट आडवी पडलेली, आता तिच्या अंगावर काय काय सापडलं ते लिहून काढा: प्रतिमा तीन, उपमा दोन, उपरोध एक, खाली पंचांच्या सह्या. सांगणाऱ्याच्या बाजूनं बघ म्हणजे चित्र पालटेल. प्रत्येक संज्ञेमागं त्याच्यापुढं उभा राहिलेला एक पेच असतो. कुणाच्या तोंडून सांगू? कुठून सुरू करू? काय झाकून ठेवू आणि किती वेळ? त्यानं एक वाट धरली, बाकीच्या सोडल्या. धरलेल्या वाटेला आपण मागाहून नाव देतो. तेव्हा संज्ञा कळली की नाही हे तपासायची माझी रीत एकच. लेखकानं केलेली निवड मनातल्या मनात बदलून बघायची आणि गोष्टीतून काय गेलं ते पाहायचं. काहीच गेलं नाही, तर त्या ठिकाणी निवड झालीच नव्हती. लेखकाचा हात नुसता पुढं गेला होता.

समोर ठेवायला दोन गोष्टी देतो. दोन्ही आपल्याच जिल्ह्यातल्या.

पहिली तेरच्या गोरोबाकाकांची. तेराव्या शतकातला हा कुंभार. त्याची गोष्ट कीर्तनकारांनी इतकी घोळवली आहे की आपल्याला ती कुठं वाचल्याचं आठवत नाही, ऐकल्याचंच आठवतं. महिपतीबुवांनी १७६२ मध्ये ‘भक्तविजय’ रचला, त्यात ती आहे. २०२० च्या जानेवारीत ९३वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आपल्या जिल्ह्याच्या गावी भरलं, फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष होते, तेव्हा साहित्यनगरीला नाव दिलं ते गोरोबाकाकांचंच. ते मला फार आवडलं होतं. मोठमोठ्या लेखकांना एका कुंभाराच्या नावाखालून आत जावं लागलं.

गोष्ट तुला येते. काका मडक्यांसाठी माती तुडवतायत. तोंडात विठ्ठलाचं नाव, डोळे मिटलेले. बायको पाण्याला गेलीय, लेकराकडं लक्ष ठेवा म्हणून सांगून. लेकरू रांगत रांगत बापाकडं निघतं. इथं कीर्तनाला बसलेल्या बायांचा श्वास अडकतो. गोष्ट नवी नसते, लेकरू बापाच्या पायांखाली येणार हे सगळ्यांना ठाऊक असतं. तरी अडकतो, कारण ऐकणाऱ्याला जे दिसतंय ते गोरोबांना दिसत नाही. तुझ्या यादीतला उपरोध तो हा. तू त्यापुढं ‘टोमणा मारणे’ असं लिहिलंयस. तो बोलण्यातला उपरोध झाला. गोष्टीतला उपरोध वेगळा. पात्राला माहीत नसलेलं वाचकाला माहीत असतं आणि त्या अंतरातून वेदना किंवा हसू तयार होतं. त्याला नाट्यगत उपरोध म्हणतात. नाटकातून आलेलं नाव आहे, पण नाटक नसलेल्या ठिकाणीही तो मुक्कामाला असतो.

आता बदलून बघ. हीच गोष्ट बायकोपासून सुरू कर. ती घागर घेऊन परत येते, अंगणात लेकरू नाही, नवरा माती तुडवतोय. ती विचारते, ‘लेकरू कुठंय?’ त्यालाही ठाऊक नाही. मग तिची नजर चिखलाकडं जाते. घटना त्याच, माणसं तीच. पण आता आपल्याला तिच्याबरोबरच कळतं. हे रहस्य झालं. यात धक्का एकदाच बसतो. पहिल्या तऱ्हेत लेकरू रांगतंय तोवर तो बसतच राहतो. म्हणून चांगला कीर्तनकार त्या ठिकाणी घाई करत नाही, लेकराच्या रांगण्यालाच वेळ देतो. गोष्टीची गती म्हणतात ती हीच. कमी महत्त्वाचं एका वाक्यात उरकायचं आणि जिथं ऐकणाऱ्याला पळून जावंसं वाटतं तिथं त्याला बसवून ठेवायचं. नवे लिहिणारे नेमकं उलटं करतात. सकाळ उजाडण्यावर पानभर आणि मरणावर दीड ओळ.

उपरोधाचं आणखी एक उदाहरण देतो, ते आपल्या भागाबाहेरच्या माणसाला सहज सुचणार नाही. लोहारा तालुक्यातल्या सास्तूरमधल्या एका घराची गोष्ट तुला लिहायची आहे असं धर. पहिल्याच ओळीत तारीख घाल, २९ सप्टेंबर १९९३. गणपती बोळवून मंडळी उशिरा घरी येतात. पोरं पेंगुळलेली, ताटं तशीच पडलेली. आई म्हणते, राहू दे, सकाळी बघू. बस. तुला पुढं काही करायची गरज नाही. आपल्या जिल्ह्यातल्या आणि लातूरकडच्या कुठल्याही वाचकाला माहीत आहे की दुसऱ्या दिवशी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. ‘सकाळी बघू’ हे घराघरांत रोज म्हटलं जाणारं वाक्य, त्या तारखेखाली ठेवलं की पेलवत नाही. तारीख एक वर्ष आधीची घाल, घर तेच, आई तीच, आणि गोष्ट चारचौघांसारखी होऊन जाईल. म्हणजे सगळं ओझं त्या तारखेनं उचललेलं होतं. मात्र इथं एक किंमत मोजावी लागते. चंद्रपूरच्या किंवा कोकणातल्या तरुण वाचकाला ती तारीख काही सांगणार नाही. समजावून सांगायला गेलीस तर उपरोध मरतो, न सांगावं तर तो वाचक बाहेर राहतो. कुणासाठी लिहितेस ते आधी ठरवावं लागतं.

गोष्ट आणि कथानक यांतला फरक तू बरोबर लिहिलायस, पण उदाहरण इंग्रजी पुस्तकातलं राजा-राणीचं दिलंयस. ते फॉर्स्टरचं, १९२७ च्या व्याख्यानांतलं, आणि शंभर वर्षं सगळे प्राध्यापक तेच देतायत. आपलं घे. विहीर आटली, मग धाकट्यानं ऊसतोडीच्या मुकादमाकडून उचल घेतली. ही नुसती घटनांची रांग. विहीर आटली म्हणून धाकट्यानं उचल घेतली. हे कथानक, कारण त्यात ‘म्हणून’ आला. आता तिसरी तऱ्हा बघ. दसऱ्यानंतर धाकटा कोयता घेऊन निघाला, का निघाला ते घरात कुणी बोलत नाही, आणि थोरला त्या दिवसापासून विहिरीकडं फिरकत नाही. ‘म्हणून’ तिथंच आहे, लपवलेला आहे, आणि तो शोधायचं काम वाचकावर टाकलंय. फडक्यांचं ‘प्रतिभासाधन’ १९३१ चं. त्यात कथेच्या तंत्राचा भर याच गुंतवणुकीवर आणि उलगड्यावर आहे. पुढच्या पिढ्यांनी त्या तंत्राची बरीच टिंगल केली. काही अंशी रास्त होती. पण टिंगल करणाऱ्यांच्याही चांगल्या कथांमध्ये तो लपवलेला ‘म्हणून’ सापडतोच.

आता दुसरी गोष्ट, आणि मला खरं बोलायचं आहे ते तिच्यावर. भास्कर चंदनशिव आपल्या कळंब तालुक्यातल्या हासेगावचे, जन्म १९४५ चा, पुढं मराठीचे प्राध्यापक झाले. त्यांची ‘लाल चिखल’ ही कथा शाळेच्या पुस्तकात होती, तुझ्या आईला ती धडा म्हणून होती. शेतकरी बाप टमाटे बाजारात आणतो, बरोबर शाळेत जाणारा मुलगा. भाव मिळत नाही. घासाघीस करणारे येतात आणि जातात. शेवटी बाप तो माल जमिनीवर ओततो आणि स्वतःच्या पायांनी तुडवतो.

हे सगळं मुलगा सांगतो. ही निवड बदलून बघ. एकेक करून बघ, घाई नको.

बापाच्या तोंडी दे. त्याचा राग आपल्याला आतून कळेल, खतापाण्याचा हिशेब कळेल, मजुरी कळेल. पण तुडवणारा बाप कसा दिसतो ते मात्र जाईल, कारण तुडवणाऱ्याला स्वतःचं रूप दिसत नसतं. ते बघायला कुणीतरी बाजूला उभं पाहिजे, आणि बघवत नाही असं कुणीतरी पाहिजे.

घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाच्या तोंडी दे. ही तऱ्हा मला मोहात पाडते. कारण वाचणाऱ्यांपैकी बहुतेक जण आठवडी बाजारात त्याच बाजूला उभे असतात. पिशवी हातात, ‘सांगा बरोबर काय ते’ म्हणणारे. गिऱ्हाईक घरी जाऊन सांगेल, आज बाजारात एका म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. त्यातून एक वेगळीच, फार कडवट कथा होईल. पण ती वेगळी कथा.

कुणाच्याच तोंडी देऊ नको, वरून बघणारा सर्वसाक्षी निवेदक घे. मग ती बातमी होण्याचा धोका आहे. भाव पडला की रस्त्यावर टमाटे ओतल्याची बातमी दर दोन-तीन वर्षांनी येते, फोटोसकट. आपण ती वाचतो आणि पान उलटतो.

मुलाच्या तोंडी दिली की काय होतं? तो शेतातलाही आहे आणि शाळेतलाही. तो बापाचा आहे, आणि बाजारात ओळखीचं कुणी भेटलं तर लाज वाटण्याच्या वयाचाही आहे. त्याला बाजारभाव का पडतो याचं अर्थशास्त्र येत नाही. आपल्याला थोडंफार येतं. टमाटा टिकत नाही, साठवायला जागा नाही, आवक एकदम येते, परत न्यायचं भाडंही निघत नाही. हे मुलगा सांगत नाही, त्याला फक्त दिसतं. इथं पुन्हा तेच अंतर आलं, पात्राला कमी आणि वाचकाला जास्त माहीत असण्याचं. संज्ञा एकमेकींपासून सुट्या नसतात. निवेदक निवडला की उपरोधाची सोय आपोआप झालेली असते. हे तुझ्या यादीत दिसत नाही, कारण यादीत प्रत्येक शब्दाला स्वतंत्र रकाना आहे.

आणखी एक. निवेदक म्हणजे लेखक नव्हे. हे वाक्य तू लिहिलंयस, पण पुढच्याच ओळीत ‘लेखक सांगतात की माझे वडील’ असं लिहून बसलीस. चंदनशिव प्राध्यापक होते, त्यांना शेतीमालाच्या भावावर व्याख्यान देता आलं असतं. कथेत त्यांनी स्वतःचं सगळं शहाणपण बाजूला काढून ठेवलं आणि एका पोराच्या उंचीवरून बघितलं. ते बाजूला काढणं म्हणजे निवेदक घडवणं. हरिभाऊ आपट्यांनी ‘पण लक्षात कोण घेतो?’ यमू नावाच्या मुलीच्या तोंडी दिली, ‘करमणूक’ साप्ताहिकातून ती क्रमशः येत होती. लिहिणारा पुरुष, आणि सांगतेय सासुरवाशीण. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला हे करणं सोपं नव्हतं.

रा. रं. बोराड्यांचं ‘पाचोळा’ तू वाचलंस का? नसेल तर व्याख्या बाजूला ठेव आणि आधी ते वाच. १९७१ ची कादंबरी. बोराडे काटगावचे. आज ते गाव लातूर जिल्ह्यात आहे, पण लातूर जिल्हा आपल्यातून वेगळा झाला १९८२ मध्ये. बोराडे जन्मले तेव्हा ते आपल्यातच होतं. तेव्हा थोडा हक्क सांगतो. गावातल्या एका शिंप्याच्या संसाराची ती परवड आहे आणि ती सांगते त्याची बायको, तिच्या स्वतःच्या बोलीत, पहिल्यापासून शेवटपर्यंत. त्याआधीच्या बऱ्याच ग्रामीण कथांत संवाद तेवढे गावाकडचे आणि मधलं निवेदन पुस्तकी असायचं. लेखक पात्राला बोलू देई आणि मग स्वतः कडक इस्त्रीच्या भाषेत त्याच्याबद्दल वाचकाशी बोले. जणू दोघं शहाणे मिळून अडाण्याकडं बघतायत. ‘पाचोळा’त ती मधली जागाच उरली नाही. शिंप्याच्या बायकोच्या डोक्यावरून वाचकाशी बोलायला तिथं कुणी नाही. तू होस्टेलवर मैत्रिणींशी ‘काय करतेस’ म्हणतेस आणि घरी फोनवर ‘काय करायलास’ म्हणतेस. कथा लिहिताना यातलं निवेदन कुठल्या बोलीत ठेवायचं, हा सजावटीचा प्रश्न नाही. तू कुणाच्या शेजारी उभी आहेस, ते त्यावरून ठरतं.

निवेदक खोटं बोलणारा असला तर? त्यालाही आपल्याच जिल्ह्यातून दाखला आहे, जरी माणूस परका. १८५३ मध्ये नळदुर्गाचा मुलूख निजामाकडून कंपनीकडं आला तेव्हा तिथला कारभार बघायला मेडोज टेलर आला. त्याआधीच, १८३९ मध्ये, त्याची ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ विलायतेत गाजली होती. अमीर अली नावाचा ठग एका साहेबापुढं बसून आपल्या साऱ्या कहाण्या सांगतो. बोलणं गोड, रीत खानदानी, आणि मध्येच गळे आवळल्याचं वर्णन. स्वतःला तो सज्जन समजतो. आपण ऐकता ऐकता त्याच्या बाजूनं व्हायला लागतो आणि मग दचकतो. अशाला अविश्वसनीय निवेदक म्हणतात. त्याच्या शब्दावर जसाच्या तसा भरवसा ठेवायचा नसतो, पण त्याच्या शब्दाखेरीज आपल्याकडं दुसरं काही नसतं. हेच सगळं सरकारी वकिलाच्या तोंडी दिलं तर ठगांची दप्तरी नोंद हाती येईल, कादंबरी नव्हे.

याच टेलरनं पुढं १८६३ मध्ये ‘तारा’ लिहिली. ती सुरू होते आपल्या तुळजापुरात. नायिका तिथल्या ब्राह्मणाची मुलगी, काळ १६५७ चा, विजापूर दरबार, अफजलखान, शिवाजी महाराज सगळे त्यात येतात. कादंबरी आज वाचायला जड आहे, जाडजूडही आहे. पण शिकणाऱ्यानं एका गोष्टीसाठी चाळावी. देऊळ, घाट, पूजा, आरती, प्रत्येक गोष्ट टेलर थांबून समजावतो. तुळजापूरच्या माणसाला ते वाचताना आपल्याच घरात आपल्याला कुणी पाहुण्यासारखं फिरवतंय असं वाटतं. कारण त्याच्या डोळ्यापुढचा वाचक लंडनमध्ये बसलेला होता. समीक्षेत त्याला अभिप्रेत वाचक म्हणतात. पुस्तक कुणी लिहिलं हे मुखपृष्ठावर असतं. कुणासाठी लिहिलं ते कुठं थांबून समजावलंय त्यावरून कळतं. आपली हल्लीची काही ‘ग्रामीण’ पुस्तकं वाचताना मला टेलर आठवतो. बैलगाडीचं जू म्हणजे काय हे तीन ओळींत सांगणारा लेखक आपल्या गावासाठी लिहीत नसतो.

प्रतिमा आणि प्रतीक यांत तुझा गोंधळ आहे. तो सगळ्यांचाच असतो. प्रतिमा डोळ्यांना, कानांना, नाकाला जाणवते. प्रतीक व्हायला तिला वेळ लागतो. गोष्टीचं वजन तिच्यावर येत येत ती प्रतीक होते. ‘लाल चिखल’मध्ये टमाटे आरंभी टमाटेच आहेत. त्यांना वजन आहे, भाव आहे, डाग आहेत. कथेनं त्यांना अखेरपर्यंत टमाटेच राहू दिलं म्हणून शेवटी तो लाल रंग आपल्याला दुसऱ्याच कशाचा तरी दिसतो. पहिल्याच परिच्छेदात लेखकानं ‘रक्तासारखे लाल टमाटे’ म्हटलं असतं तर शेवटी तुडवायला काही शिल्लक राहिलं नसतं. आणि तू परीक्षेत काय लिहिशील? ‘टमाटे हे शेतकऱ्याच्या शोषणाचे प्रतीक आहे.’ गुण मिळतील. पण या वाक्यात टमाट्याच्या जागी कांदा, कापूस, सोयाबीन काहीही घाल, वाक्य तसंच उभं राहतं. मग ते या कथेबद्दल नाही. कांदा घालून कथा बदलून बघ. कांदा तुडवला तर चिखल होत नाही, लाल तर नाहीच. कथेचं नाव जातं, शेवट जातो. असं अडलं की समजावं, ही वस्तू लेखकानं निवडली होती.

आता दोन्ही गोष्टी एकमेकींशेजारी ठेव. तेरचा एक बाप पायांनी माती तुडवतोय आणि त्या मातीत त्याचं लेकरू आहे. बाजारातला एक बाप पायांनी टमाटे तुडवतोय, जे त्यानं लेकरासारखे वाढवले, आणि खरं लेकरू बाजूला उभं राहून बघतंय. गोरोबांना भान नाही, ते नामात आहेत. या बापाला पुरेपूर भान आहे, त्याच्यापाशी नामाचाही आडोसा नाही. तिकडं पुढं विठ्ठल येतो, लेकरू परत मिळतं. इकडं कुणी येत नाही. लेखकाच्या मनात तेर असो वा नसो, पण ज्या मुलखात गोरोबाकाकांचं कीर्तन लहानपणापासून कानावर पडतं तिथल्या वाचकाला दुसरा चिखल पहिल्या चिखलासकट दिसतो. एका गोष्टीत दुसरी गोष्ट अशी ऐकू येण्याला अभ्यासक आंतरसंहितता म्हणतात. शब्द बोजड आहे, मलाही आवडत नाही. पण ज्याच्या कानावर जुन्या गोष्टी नाहीत त्याला नव्या गोष्टीचा निम्माच आवाज येतो, हे मात्र खरं. म्हणून कीर्तनाला जात जा.

गोरोबांचीच दुसरी गोष्ट घे, थापटण्याची. संतमंडळी जमली आहेत. मुक्ताबाई विचारते, काका, हे काय? ते सांगतात, थापटणं, यानं मडकं पक्कं की कच्चं ते कळतं. ती म्हणते, मग आमचीही मडकी बघा. काका एकेकाच्या डोक्यावर थापटतात. सगळे गप्प बसतात, नामदेव रागावतात, आणि निकाल लागतो की हेच मडकं कच्चं. किती नेटकी बांधणी आहे बघ. थापटणं आधी नुसती कुंभाराची वस्तू म्हणून येतं, मग तेच कामाला लागतं. रशियन लेखक चेखव सांगायचा की पहिल्या अंकात बंदूक टांगली असेल तर पुढं ती उडाली पाहिजे. आपल्याकडं थापटणं आहे. आणि मुक्ताबाईचा प्रश्न तिच्यासाठी नाहीच, तो ऐकणाऱ्यांसाठी आहे. तुळजापूरच्या गोंधळात मुख्य गोंधळी कथा सांगतो आणि साथीदार मध्येच ‘मग पुढं?’, ‘असं कसं?’ विचारतो, ते याचसाठी. प्रश्न श्रोत्याच्या मनात उठायच्या आधी तो साथीदाराच्या तोंडी दिलेला असतो. कथेत माहिती द्यायची वेळ आली की हे आठव, आणि पात्रांना एकमेकांना ठाऊक असलेल्या गोष्टी सांगायला लावू नकोस.

याच गोष्टीत पात्रचित्रणही शिकून घे. थापटणं सगळ्यांच्या डोक्यावर पडलं. जे शांत बसले ते मोठे, पक्के, वंदनीय. पण त्यांच्याबद्दल पुढं सांगायला काही नाही. ज्यानं तक्रार केली त्याची गोष्ट पुढं चालते, तो गुरूच्या शोधात विसोबा खेचरांकडं जातो, बदलतो. पात्र म्हणून नामदेव जिवंत आहेत ते कच्चे ठरले म्हणून. तू वहीत नायिका लिहिली असशील तर ती फार गुणी करू नकोस.

स्थळकाळाबद्दल फार सांगत नाही. वातावरणनिर्मिती म्हणजे निसर्गवर्णन नव्हे, एवढं पुरे. जागा पात्राला काहीतरी करू देते आणि काहीतरी करू देत नाही. ते आलं की जागा आली. माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ बघ, १९५५ ची. त्या माणदेशी गावाला दुसरीकडं उचलून ठेवता येत नाही. संज्ञाप्रवाह, म्हणजे मनातल्या विचारांचा ओघ जसाच्या तसा लिहिणं, तुझ्या यादीत शेवटी आहे. त्यासाठी मर्ढेकरांच्या ‘रात्रीचा दिवस’ कादंबरीचं नाव लिही, १९४२. वाचायला अवघड जाईल, आत्ता नाही वाचलीस तरी चालेल. फ्लॅशबॅकचा मात्र मला कंटाळा आला आहे. प्रत्येक कथेत कुणीतरी खिडकीशी बसतं आणि त्याला जुनं आठवतं. मागं जायचं असेल तर मागूनच सुरू कर. नाहीतर मागचं असं येऊ दे की त्यामुळं समोरचं बिघडेल.

आता काम सांगतो. व्याख्या आहेत तशा पाठ कर, पेपरात लिही, त्यावर वाद नाही. पण दिवाळीतल्या त्या वहीतली कथा काढ. तिचं एक पान घे, ज्यात काहीतरी घडतं असं. ते पान दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडून पुन्हा लिही. घरातल्या सगळ्यांत कमी बोलणाऱ्या माणसाच्या तोंडून लिहिलंस तर बरं. घटना एकही बदलू नकोस. मग दोन्ही पानं एका पाकिटात घालून मला पाठव, कुठलं आधीचं ते न सांगता. कुठलं ठेवायचं ते तू ठरव, मी फक्त कुठं अडखळलो ते खुणा करून परत पाठवीन. फोनवर वाचून दाखवू नकोस, डोळ्यांनी वाचायचं आहे.

तुझ्या आईला सांग, ‘लाल चिखल’चं तिचं जुनं पाठ्यपुस्तक माझ्याकडंच आहे.

तुझे,
आजोबा